दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावर प्रोत्साहन उपचार: नाशिकच्या कुटुंबांना आणि केंद्रांना पडणारे प्रश्न

व्यसनमुक्तीला वर्ष पूर्ण झालं की आपल्याकडे सत्कार होतो. केक कापतात, घरचे बोलतात, टाळ्या वाजतात. ही प्रथा चांगलीच आहे. पण पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा माणूस रोज संध्याकाळी स्वतःशी झुंजत असतो, तेव्हा त्याच्या हातात काहीच पडत नाही. प्रोत्साहन उपचार नेमका त्या दिवसांसाठी आहे. तो सोपा वाटतो, म्हणून बरेच जण अंदाजाने करतात आणि मग 'आमच्याकडे चालला नाही' म्हणतात. तो नियमाने कसा करायचा, हे खालच्या उत्तरांत आहे.

हा उपचार म्हणजे नेमकं काय?

तीन गोष्टी आधी ठरवायच्या: कोणतं वर्तन हवं, ते कसं तपासायचं आणि तपासणीत ते दिसलं की काय द्यायचं. मग दर वेळी, न चुकता, त्याच भेटीत ते द्यायचं. वर्तन दिसलं नाही तर बक्षीस नाही. ओरडा नाही, शिक्षाही नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला कंटिन्जन्सी मॅनेजमेंट किंवा थोडक्यात सीएम म्हणतात.

यामागचं तत्त्व साधं आहे. एखाद्या कृतीनंतर लगेच काय मिळतं, त्यावर ती कृती पुन्हा होणार की नाही हे ठरतं. दारू किंवा पावडर काही मिनिटांत 'देते'. सुधारलेलं लिव्हर, परत आलेली नोकरी, मुलांचा विश्वास या गोष्टी मिळायला महिने लागतात. व्यसनात अडकलेला माणूस लांबच्या मोठ्या फायद्याला फार कमी भाव देतो. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत न पिण्यालाही लगेच मिळणारा एक छोटा, हातात धरता येणारा फायदा जोडावा लागतो.

याला पुरावा आहे का, की नुसतीच कल्पना?

पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांवर व्हाउचरची पद्धत तपासली. लघवीचा नमुना स्वच्छ (ड्रगचा अंश नसलेला) आला की व्हाउचर, आणि सलग स्वच्छ नमुन्यांबरोबर त्याची वाढत जाणारी किंमत, अशी ती रचना होती. आजही बहुतेक कार्यक्रम तिच्यावरच उभे आहेत. पुढे कनेटिकटमध्ये नॅन्सी पेट्री यांनी कमी खर्चाची चिठ्ठी काढण्याची पद्धत आणली. २००० साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दारूचं व्यसन असलेले ४२ माजी सैनिक होते. नेहमीच्या उपचारात आठ आठवड्यांपर्यंत २२ टक्के टिकले, तर चिठ्ठ्या जोडलेल्या गटात ८४ टक्के. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००७च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत घेतली आणि अमेरिकेच्या माजी सैनिक रुग्णालयांनी २०११पासून ती देशभर सुरू केली.

भारतातही प्रयोग झाला आहे. चेन्नईत एचआयव्ही असलेल्या आणि ड्रग्ज घेणाऱ्या १२० जणांना उपचाराच्या टप्प्यांसाठी व्हाउचर देण्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हाउचरच्या गटात ४५ टक्क्यांनी एचआयव्हीची औषधं सुरू केली, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांनी. मात्र रक्तातला विषाणू दबण्यात दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. ही दुसरी बाजू विसरू नये. ज्या वर्तनाला बक्षीस जोडाल तेच सुधारतं, शेजारचं आपोआप सुधारत नाही.

दारू सोडायला पैसे द्यायचे? ही तर लाच झाली!

हा प्रश्न वडीलधारी माणसं विचारतात आणि त्यामागची कळकळ खरी असते. 'आम्ही इतकी वर्षं सोसलं, आता त्यालाच बक्षीस?' असं बायकोने म्हणणं स्वाभाविक आहे. पण लाच देतात ती चुकीचं काम करून घेण्यासाठी, आणि देणाऱ्याच्या फायद्यासाठी. इथे काम रुग्णाच्या भल्याचं आहे, नियम आधी सांगितलेले आहेत, त्याची लेखी संमती आहे आणि तो कधीही बाहेर पडू शकतो. कारखान्यात पूर्ण हजेरीचा भत्ता मिळतो, त्याला कोणी लाच म्हणत नाही.

आणखी एक. या उपचारात रुग्णाचा स्वतःचा पगार अडवून 'नीट वागलास तर देऊ' म्हणणं बसत नाही. बक्षीस वरचं, जादाचं असावं. त्याच्या हक्काचं काढून घेऊन परत देणं म्हणजे शिक्षाच, आणि तिचा परिणाम उलटा होतो.

कोणत्या व्यसनांत याचा जास्त उपयोग होतो?

सर्वांत जास्त एमडी (मेफेड्रोन), कोकेन, मेथ अशा उत्तेजक ड्रग्जमध्ये. कारण सरळ आहे: या व्यसनांवर मान्यताप्राप्त असं एकही औषध आज नाही, त्यामुळे वर्तन उपचारावरच भिस्त असते. नाशिकला हा विषय दूरचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना उघडकीस आणला, तेव्हापासून एमडी हे नाव घराघरांत पोचलं.

ब्राउन शुगरच्या रुग्णांत औषध आधी. ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी नियमित घेण्याला आणि हजेरीला बक्षीस जोडायचं. गोळी सोडून फक्त 'स्वच्छ राहा' म्हणणं धोक्याचं आहे, कारण काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सवय उतरते आणि जुन्या मात्रेने जीव जाऊ शकतो.

मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणून ओळखली जाणारी अल्प्राझोलामची गोळी एकदम बंद करायची नसते, फिट येऊ शकते. तिची मात्रा डॉक्टर हळूहळू उतरवतात. त्या काळात लघवी तपासण्याची पट्टी पॉझिटिव्हच येणार, म्हणजे गोळी घेतल्याचंच दाखवणार, म्हणून बक्षीस ठरल्या वेळी येण्याला आणि ठरलेलीच मात्रा घेण्याला द्यावं.

तंबाखू, मिश्री, बिडी यांतही उपयोग होतो. ग्लासगोत गरोदर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला: व्हाउचर मिळालेल्यांत २२.५ टक्के स्त्रियांनी धूम्रपान सोडलं, नेहमीच्या सेवेत ८.६ टक्के. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या गरोदर बायकांसाठी हे करून पाहण्यासारखं आहे.

थेट सुरू करता येतं का, की आधी ॲडमिट व्हावं लागतं?

रोज पिणाऱ्याने बक्षिसाच्या आशेने एकदम दारू थांबवू नये. हात थरथरणं, घाम, उलट्या पहिल्या दिवसात सुरू होतात. फिट साधारण ६ ते ४८ तासांत येऊ शकते. भास, स्थळकाळाचं भान हरपणं, ताप अशी गंभीर अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास येते. आधी कधी फिट आली असेल, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायचं, थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्यायचं आणि मग हा उपचार जोडायचा.

बक्षिसाचं गणित कसं मांडायचं?

हा गाभा आहे, म्हणून सविस्तर. खाली एक नमुना आहे. आकडे आपल्या निधीप्रमाणे बदला, रचना बदलू नका.

मुदत १२ आठवडे. आठवड्यातून दोन तपासण्या, सोमवार आणि गुरुवार, म्हणजे एकूण २४. पहिल्या स्वच्छ नमुन्याला ४० रुपयांचं कूपन. पुढच्या प्रत्येक सलग स्वच्छ नमुन्याला १० रुपयांची वाढ: ४०, ५०, ६०, असं करत चोविसाव्याला २७०. शिवाय दर तीन सलग स्वच्छ नमुन्यांना १०० रुपये वरचे. कोणी एकदाही न चुकता पार पडला तर नमुन्यांचे ३,७२० आणि वरचे ८००, मिळून ४,५२० रुपये होतात. प्रत्यक्षात सगळे रुग्ण सगळ्या तपासण्या पार करत नाहीत, म्हणून सरासरी खर्च याच्या बराच खाली राहतो. पण तरतूद मात्र पूर्ण रकमेची ठेवा. मध्येच निधी संपून बक्षीस थांबलं तर रुग्णाचा विश्वास जातो तो परत येत नाही.

रक्कम वाढती का ठेवायची? सारखीच रक्कम असेल तर दहाव्या आठवड्यात चुकण्याची किंमत पहिल्या आठवड्याइतकीच राहते. वाढत्या रकमेत जितके दिवस साचतात तितकं गमावण्यासारखं जास्त होतं. आणि सुरुवातीची रक्कम दहा-पाच रुपये ठेवू नका. अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात की फार लहान बक्षिसाने परिणाम होत नाही. ज्याची रोजची मजुरी पाचशेच्या आसपास आहे त्याला पाच रुपयांचं कूपन म्हणजे अपमान वाटतो.

मध्येच स्लिप झाली, म्हणजे पुन्हा घेतलं गेलं, तर?

त्या दिवशी बक्षीस नाही आणि पुढचा स्वच्छ नमुना परत ४० रुपयांपासून. न सांगता गैरहजर राहणं किंवा नमुना द्यायला नकार देणं हेही स्लिपसारखंच धरायचं, नाहीतर पिऊन आलेला माणूस फक्त यायचं टाळेल. दवाखान्याचा कागद, घरातला मृत्यू अशी सूट आधीच लिहून ठेवा.

पण परतीचा रस्ताही हवा. हिगिन्स यांच्या रचनेत घसरणीनंतर पाच सलग स्वच्छ नमुने दिले की रक्कम पूर्वीच्या जागी जाते. उदाहरणार्थ, नववा नमुना १२० रुपयांचा होता आणि दहावा पॉझिटिव्ह आला. अकरावा ते पंधरावा स्वच्छ आले तर ४०, ५०, ६०, ७०, ८० मिळतात आणि सोळाव्याला पुन्हा १२०. हा नियम नसला तर 'आता सगळं गेलंच' म्हणून माणूस कार्यक्रमच सोडतो. तपासणारी व्यक्ती त्या दिवशी काय बोलते हेही तितकंच महत्त्वाचं. 'आज कूपन नाही, आलात हे बरं केलंत, गुरुवारी या' एवढंच. उपदेश समुपदेशनाच्या वेळेला ठेवा.

चिठ्ठीची पद्धत म्हणजे काय? ती स्वस्त पडते का?

हो, थोडी. एका बरणीत ५०० चिठ्ठ्या. पेट्री यांच्या मूळ मांडणीत २५० चिठ्ठ्यांवर फक्त शाबासकी, २०९ वर लहान बक्षीस, ४० वर मोठं आणि एकावर सर्वांत मोठं. आपल्याकडे लहान म्हणजे २० रुपयांची वस्तू (साबण, बिस्किटं, पेन), मोठं २०० रुपयांचं, सर्वांत मोठं १,५०० रुपयांचं धरलं, तर एका चिठ्ठीचा सरासरी खर्च २७ रुपयांच्या आसपास येतो. पहिल्या स्वच्छ नमुन्याला एक चिठ्ठी, दुसऱ्याला दोन, असं पाचपर्यंत वाढवून तिथे थांबवलं, तर २४ नमुन्यांत जास्तीत जास्त ११० चिठ्ठ्या, म्हणजे सरासरीने ३,००० रुपये.

काढलेली चिठ्ठी परत बरणीत टाकायची, नाहीतर शक्यता बदलत जाते. बक्षिसांचं कपाट खोलीतच, काचेचं, समोर दिसेल असं हवं, आणि मोठं बक्षीस खरोखर कोणाला तरी मिळालेलं इतरांना दिसायला हवं. मटका किंवा ऑनलाइन रमीची सवय असलेल्या रुग्णाला मात्र ही पद्धत देऊ नका. त्याच्यासाठी कूपनच बरं.

रोख द्यावी, कूपन द्यावं की वस्तू? आणि ते बायकोच्या हातात द्यावं का?

सुरुवातीला कूपन. केंद्राजवळच्या एक-दोन किराणा दुकानांशी आणि मेडिकलशी लेखी ठरवा: कूपनवर तंबाखू, गुटखा, सिगारेट नाही, आणि बदल्यात रोकडही नाही. कूपनवर क्रमांक, रुग्णाचा संकेतांक, तारीख आणि दोन सह्या. नाव लिहू नका. दुकानदाराला ते कूपन कशाचं आहे हे कळण्याची गरज नाही. मोबाइल रिचार्ज, सिटीलिंक बसचा पास, मुलांच्या वह्या, गॅस सिलिंडरला हातभार हे पर्यायही चांगले चालतात. आठ-दहा पर्याय ठेवा आणि निवड रुग्णाला करू द्या.

हातात द्यायचं ते रुग्णाच्याच. यावर घरचे नाराज होतात, पण बक्षीस ज्याच्या वर्तनाचं त्यालाच ते मिळायला हवं. त्याने ते स्वतः घरी नेऊन किराणा आणला की घरात त्याची जी पत परत येते, ती कूपनाच्या किमतीपेक्षा मोठी असते. घरच्यांनी त्या वेळी जुनं काढू नये, एवढं त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

लघवीची तपासणी कशी करायची? रुग्ण फसवत नाहीत का?

काही जण प्रयत्न करतात. म्हणून पद्धत पक्की हवी, पण माणसाचा मान राखून.

नमुना घेताना त्याच लिंगाची व्यक्ती सोबत असावी. कपावर तापमानाची पट्टी हवी. चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सियस नसेल तर नमुना बाहेरून आणलेला असू शकतो. लघवी पाण्यासारखी दिसली तर क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक घटक) पाहा. ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ आहे, थोडा वेळ थांबवून दुसरा घ्या. नमुना घेण्याच्या शौचालयातल्या नळाचं पाणी बंद ठेवा. पट्टी रुग्णासमोरच बुडवा, पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांनीच वाचा आणि रेघ त्यालाही दाखवा. फिकट असली तरी रेघ दिसली म्हणजे निगेटिव्ह, हे अनेक नवीन कर्मचाऱ्यांना उलटं वाटतं.

पट्टी काय पकडते हे माहीत नसलं तर सगळा डोलारा कोसळतो. ब्राउन शुगर साधारण २ ते ३ दिवस दिसते, ॲम्फेटामिनही तेवढंच. गांजा अधूनमधून ओढणाऱ्याला ३-४ दिवस, पण रोज ओढणाऱ्याला महिनाभर किंवा त्याहून जास्त. म्हणून गांजाच्या रुग्णाला पहिले काही आठवडे हजेरीचं बक्षीस द्या आणि पहिला निगेटिव्ह आल्यावर स्वच्छ नमुन्यांचं सुरू करा. तसं नाही केलं तर पहिल्या दिवसापासून प्रामाणिक राहिलेला माणूस महिनाभर रिकाम्या हाताने परत जातो.

एमडीसाठी खास सावधगिरी: बाजारातली नेहमीची ॲम्फेटामिनची पट्टी मेफेड्रोन भरवशाने पकडत नाही. मेफेड्रोन असं स्पष्ट लिहिलेली पट्टी मागा. नाहीतर एमडी घेऊन आलेल्याला तुम्हीच कूपन देत राहाल, आणि हे इतर रुग्णांना तुमच्या आधी कळतं. तसंच ओपिएटची (ब्राउन शुगर, अफू पकडणारी) पट्टी ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी दाखवत नाही आणि ब्युप्रेनॉर्फिनला वेगळी पट्टी लागते.

खोटे पॉझिटिव्हही येतात. खसखस खाल्ल्यावर ओपिएटची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीत अनारसे आणि खसखशीच्या वाटणाची भाजी घरोघरी असते, म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगा की या १२ आठवड्यांत खसखस टाळायची. कोडीनचं खोकल्याचं औषधही टाळायचं. रुग्ण ठामपणे नाही म्हणत असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल त्याच्या बाजूने आला तर अडलेलं बक्षीस द्या, मालिकाही तुटलेली धरू नका.

पट्ट्यांची मुदत तपासा आणि बहुतेक पाकिटांवर लिहिलेलं २ ते ३० अंशांचं तापमान पाळा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या किंवा इगतपुरीच्या पावसात उघड्या राहिलेल्या पट्ट्या विश्वासाच्या नसतात.

दारूसाठी श्वासाचं यंत्र पुरेसं आहे का?

आठवड्यातून दोनदाच फुंकून घेत असाल तर नाही. श्वासातली दारू काही तासांत, फार तर अर्ध्या दिवसात जाते. मंगळवारी रात्री प्यायलेला गुरुवारी सकाळी आरामात पास होतो. तीन मार्ग आहेत. एक, लघवीतली ईटीजी तपासणी, जी दोन-तीन दिवस मागचं दाखवते. तिच्या काळात अल्कोहोलचं सॅनिटायझर आणि अल्कोहोल असलेली पातळ औषधं टाळावी लागतात. दुसरा, रोज किंवा दिवसातून अनेकदा श्वास तपासणी, जी निवासी किंवा दिवसभराच्या केंद्रातच जमते. तिसरा मार्ग आपल्याकडे सर्वांत सोयीचा: डायसल्फिरामची गोळी (जी घेतल्यावर दारू प्यायली तर त्रास होतो) कर्मचाऱ्यासमोर घेण्याला बक्षीस.

फुंकण्याआधी माउथवॉश किंवा औषध घेतलं असेल तर १५ मिनिटं थांबा. यंत्राचं कॅलिब्रेशन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत करून तारीख यंत्रावरच चिकटवा.

गोळी भाजीत मिसळून गुपचूप दिली तर चालेल का?

नाही, कधीही नाही. डायसल्फिराम पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो आणि हृदयावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो पिणार. दारू सोडवण्याची म्हणून नाव नसलेली पावडर विकतात, तिच्यात काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. गोळी रुग्णाच्या संमतीने, हृदय आणि लिव्हर तपासून, डॉक्टरांनीच द्यायची.

पगाराचा दिवस, गटारी, रंगपंचमी यांचं काय करायचं?

वेळापत्रक ठरवतानाच पंचांग आणि कंपन्यांच्या पगाराच्या तारखा समोर ठेवा. सातपूर-अंबडच्या कामगारांत पगाराच्या आसपासचे दिवस, निफाड-दिंडोरीच्या मजुरांत द्राक्षतोडणीचे पैसे हातात येतात तो काळ, आणि शहरभर आषाढ अमावास्येची गटारी, होळी, रहाडीतली रंगपंचमी, ३१ डिसेंबर हे घसरण्याचे दिवस. अशा दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जादा तपासणी ठेवा, तिला जादा बक्षीस ठेवा, आणि हे आठवडाभर आधी सांगा. अचानक तपासणी पकडण्यासाठी असते. आधी सांगितलेली तपासणी माणसाला त्या संध्याकाळी धरून ठेवते.

शिफ्ट बदलणाऱ्या कामगारासाठी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा अशा दोन्ही वेळा हव्यात. रात्रपाळी करून आलेल्याला अकरा वाजता बोलावलं तर तो झोपलेला असणार, आणि नोंद 'गैरहजर' होणार.

निवासी केंद्रात जेवण, फोन, भेट हेच बक्षीस ठेवलं तर?

ठेवता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले आजार येतात, आणि या कायद्याने रुग्णाला माणुसकीची वागणूक, संपर्क आणि गोपनीयता यांचे हक्क दिले आहेत. साखळीने बांधणं कलम ९५ने सरळ बंद केलं आहे. पोटभर जेवण, घरच्यांची भेट, स्वच्छ अंथरूण ही बक्षिसं नव्हेत. 'वागणूक चांगली' म्हणून वॉर्डच्या प्रमुखाच्या मर्जीने दिलेल्या सवलतीही या उपचारात मोडत नाहीत. तपासता येणारं वर्तन हवं: सात वाजता व्यायामाला हजर, गटचर्चेत बसलेला, गोळी घेतलेली.

खरं तर बंद दाराआड न पिण्याला बक्षीस देऊन फारसं साधत नाही, तिथे दारू मिळतच नाही. निवासी केंद्राने आपला निधी डिस्चार्जनंतरच्या १२ आठवड्यांसाठी राखावा. केंद्राचं फाटक ओलांडून माणूस सीबीएसला बस पकडायला उभा राहतो, तिथे त्याची खरी गरज सुरू होते.

घरच्या घरी आम्हीच हे करू शकतो का?

तपासणीवर आधारलेला पूर्ण उपचार घरी करू नका. बाप मुलाची लघवी तपासायला लागला की घरात पोलीस आणि चोर एवढंच नातं उरतं. घरच्यांनी दोन कामं करावी. डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तर रोज ठरल्या वेळी गोळी समोर घेतली जाते का ते पाहावं, आणि घेतल्यावर नुसतं 'बरं वाटलं' म्हणावं. दुसरं, न प्यायलेल्या संध्याकाळी घरात त्याच्यासाठी काहीतरी चांगलं असावं: एकत्र जेवण, मुलांबरोबर गंगेवर फेरी. प्यायलेल्या दिवशी ते शांतपणे थांबवावं, भांडण न करता. आणि मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता, उपचार नंतर.

हे कुठे फसतं?

बहुतेक वेळा दयेपोटी. 'बिचारा इतक्या लांबून सुरगाण्याहून आला, द्या त्याला' असं म्हणून पॉझिटिव्ह नमुन्यावर एकदा कूपन दिलं की नियम संपला. दुसऱ्या रुग्णाला ते कळतं आणि मग भांडणं मिटवता मिटवता आठवडा जातो. लांबून येणाऱ्याला येण्याचं वेगळं, ठरलेलं प्रवासाचं कूपन द्या, पण स्वच्छ नमुन्याचं बक्षीस त्यापासून अलग ठेवा.

दुसरं कारण उशीर. 'रिपोर्ट परवा येईल, मग बघू' किंवा 'साहेब आले की सही होईल' यात उपचाराचा जीवच जातो. नमुना ते कूपन दहा-पंधरा मिनिटांत व्हायला हवं, आणि सहीचा अधिकार तपासणी करणाऱ्याकडेच हवा.

तिसरं, एकाच वेळी दारू, तंबाखू, नोकरी, हजेरी सगळ्यांना बक्षीस. एक लक्ष्य धरा. तंबाखूचं नंतर पाहू.

कर्मचाऱ्यांकडून गैरप्रकारही होऊ शकतो, म्हणून कूपन साठ्याची वही, दोन सह्या आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या व्यक्तीकडून मोजणी. कर्मचारी बदलला तर नव्या माणसाने किमान दोन-तीन भेटी जुन्याबरोबर बसून पाहाव्यात.

पैसा कुठून आणायचा?

पाच रुग्णांपासून सुरुवात करा. वरच्या नमुन्याप्रमाणे पाच जणांची कूपनं २२,६०० रुपयांच्या आत बसतात, पट्ट्यांचा खर्च वेगळा. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीसाठी हा विषय मांडता येतो, कारण गैरहजेरी आणि अपघात हा त्यांचाही प्रश्न आहे. पण निधी देणाऱ्या कंपनीला रुग्णांची नावं किंवा निकाल द्यायचे नाहीत, हे करारातच लिहा. दुकानदारांकडून वस्तू घेता येतात. त्या चांगल्या असाव्यात, मुदत संपत आलेला माल बक्षीस होत नाही.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर पोलिसांना कळवतात का?

उपचारासाठी केलेल्या तपासणीचा निकाल गोपनीय वैद्यकीय माहिती आहे. तो पोलीस, मालक किंवा शेजारी यांना देण्यासाठी नसतो. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल गुन्हा दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडला तर ते संरक्षण जाऊ शकतं. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

१२ आठवडे संपले की परत सुरू नाही का होणार?

काहींचं होतं. बक्षीस थांबल्यावर परिणाम उतरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तरी तो पूर्ण जात नाही. २०२१ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा बक्षिसं बंद झाल्यानंतरच्या वर्षभरातल्या तपासण्यांतही या उपचाराच्या रुग्णांची बाजू इतर उपचारांपेक्षा काहीशी वरचढ दिसली. जितका काळ सलग स्वच्छ जातो तितकी पुढची शक्यता वाढते, म्हणून हे १२ आठवडे वाया जात नाहीत.

त्या आठवड्यांतच दुसरं काहीतरी उभं करावं लागतं: समुपदेशन, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, काम, संध्याकाळचा वेळ कुठे जाणार याची सोय. बक्षीस एकदम तोडू नका. नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर तपासण्या आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक अशा विरळ करा. असं करणार असाल तर एकूण तपासण्यांचा आणि रकमेचा तक्ता सुरुवातीलाच तसा मांडून रुग्णाला द्या. नंतर स्लिप झाली तर पुन्हा नव्याने १२ आठवडे सुरू करता येतात.

नाशिकमध्ये चौकशी कुठे करायची आणि केंद्राला काय विचारायचं?

जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात प्रत्यक्ष जाता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं. सगळी केंद्रं हा उपचार देत नाहीत, म्हणून फोनवरच विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? डिटॉक्स (दारू किंवा ड्रग्ज सुरक्षितपणे थांबवणं) कोणाच्या देखरेखीखाली? लघवीची तपासणी होते का, आणि एमडीची पट्टी आहे का? डिस्चार्जनंतर पहिले तीन महिने आठवड्यातून किती वेळा बोलावता? रुग्णाला नियम लेखी, मराठीत देता का? मारहाण, बांधून ठेवणं, महिनोन्‌महिने भेट बंद असं काही ऐकू आलं तर तिथे माणूस ठेवू नका.

केंद्राने 'असला काही प्रकार आम्ही करत नाही' म्हटलं तरी बोलणं तिथेच थांबवू नका. हजेरीसाठी बसपास, समोर गोळी घेण्यासाठी एक छोटं कूपन, रुग्णाच्या संमतीने एवढ्यापासूनही सुरू करता येतं.